सोडलेल्या माशांचा हिशेब

अमुक धरणात इतक्या लाख बोटुकल्या, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडल्या, ही बातमी छापणं काही वर्षं बंद करावं. मागच्या वर्षी सोडलेल्यांपैकी यंदा किती हाती लागल्या, तेवढंच छापावं. आणि ज्यांना हा दुसरा आकडा देता येत नाही, त्यांना पुढच्या हंगामात मत्स्यबीजासाठी सरकारी पैसा मिळू नये. हे ऐकून मासेमारी संस्थांमधले माझे काही मित्र चिडतील, पण त्यांचंच नुकसान थांबवण्यासाठी हे म्हणतो आहे.

नाशिकमध्ये हा विषय आत्ता काढायला कारण आहे. २०२६-२७चा सिंहस्थ आला. गोदावरी निर्मळ करण्याच्या घोषणा झाल्या, आणखी होतील. नदी साफ झाली हे लोकांना पटवायचं तर तिच्यात मासे दिसले पाहिजेत, हा विचार कुणाच्याही डोक्यात येईल. शहराचं सांडपाणी नदीत येण्यापासून अडवणं अवघड, खर्चिक आणि वेळखाऊ. टेम्पोभर मासे आणून काठावरून सोडणं हे एका सकाळचं काम. शिवाय फोटो चांगला येतो. केंद्राच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली देशातल्या नद्यांत मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम २०२१पासून चालूच आहे, त्यामुळे योजनेचं नावही तयार आहे. तेव्हा कुणी असा घाट घालण्याआधीच काही गोष्टी बोलून घेतलेल्या बऱ्या.

धरणावर बीज उतरताना ज्यांनी पाहिलं नसेल, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. रात्रभर प्रवास करून टेम्पो पहाटे येतो. प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्या. तळाला थोडं पाणी, वर ऑक्सिजन, तोंड रबराने आवळलेलं. संस्थेतला जुनाजाणता माणूस त्यातली एखादी पिशवी घमेल्यात रिकामी करतो आणि हाताने पाणी गोल फिरवतो. पाणी भोवऱ्यासारखं फिरायला लागलं की चांगल्या बोटुकल्या लगेच उलट दिशेला तोंड करून प्रवाहाशी झुंजतात. ज्या पाण्याबरोबर गरगरत मध्यावर गोळा होतात, त्या प्रवासात गळालेल्या. या एका चाचणीवर पुरवठादाराशी वाद होतात, दर ठरतात. मग उरलेल्या पिशव्या तोंड न सोडता पाण्यावर तरंगत ठेवायच्या, पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे आतलं आणि बाहेरचं तापमान जुळतं. नंतर तोंड सोडून धरणाचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं आणि मासे आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, बाहेर जातील असं बघायचं. उलटी करून ओतायची नाही. पाहुणे वेळेवर आले तर हे सगळं नीट होतं. उशिरा आले तर पिशव्या उन्हात, बांधावर, सतरंजीच्या कडेला पडून राहतात.

बीज केंद्रातही निघण्याआधी तयारी होते, आणि ती चांगली होते. आदल्या दिवशी तळ्यात ओढजाळ फिरवून मासे हलवून घेतात. नंतर कापडी हाप्यात, म्हणजे पाण्यात टांगलेल्या कापडाच्या पेटीत, दाटीने ठेवतात, खायला देत नाहीत. पोट रिकामं झालं की पिशवीतलं पाणी घाण होत नाही; दाटीची, हाताळणीची सवय झाली की वाटेत मर कमी होते. कटकला १९५७च्या जुलैमध्ये हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातले, मासे तळ्यात प्रजननाला लावले. नदीतून बीज गोळा करत हिंडायची गरज तेव्हापासून हळूहळू संपत गेली. त्यानंतरच्या साठ-पासष्ट वर्षांत अंड्यापासून जिरे, जिऱ्यापासून बीज, बिजापासून बोटुकली हा प्रवास आपल्या लोकांनी हातखंडा केला. मासा धरणाच्या काठापर्यंत जिवंत कसा पोचवायचा, हे आपल्याला पक्कं कळतं. तिथून पुढे त्याने जगायचं कसं, याची तयारी मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

संगोपन तळं कसं तयार करतात ते पाहिलं की हे लक्षात येतं. बीज सोडण्याआधी त्यात मोहाची पेंड टाकतात. तिने मेलेला मासा खाल्ला तरी माणसाला बाधत नाही, पण पाण्यातली मरळ, वाम, शिंगाडा, सगळे शिकारी मासे तिने मरतात. नंतर साबण आणि तेलाचं मिश्रण शिंपडून पाणकिडे संपवतात. तळ्यावर जाळं पसरून पक्षी दूर ठेवतात. हे सगळं बरोबरच आहे. नाहीतर हातात काही उरायचं नाही. पण याचा अर्थ असा की धरणात पडेपर्यंत त्या माशाने आयुष्यात एकही शत्रू पाहिलेला नसतो.

त्याहून वाईट गोष्ट त्याला शिकवली गेलेली असते. रोज ठरावीक वेळी काठावर माणूस येतो, पाण्यावर सावली पडते आणि पाठोपाठ भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा पडतो. चार-सहा दिवसांत सावली दिसताच अख्खा थवा वर, काठाशी, गर्दी करून येतो. केंद्रात गेलेल्या प्रत्येकाने ते पाहिलंय, आणि बरंही वाटतं पाहायला. आता हाच मासा नांदूरमध्यमेश्वरच्या उथळ पाण्यात सोडा. तिथे वरून पडणारी सावली पाणकावळ्याची असते, बगळ्याची असते, खंड्याची असते. आजवर ज्या खुणेवर जेवण मिळालं, त्या खुणेवर तो वर येतो आणि संपतो. २०२०मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून गौरवलेल्या या पाणथळीत पक्ष्यांचा थाट मोठा. तिथे मत्स्यबीज ओतलं तर पक्षीनिरीक्षकांनी आभार मानायला हरकत नाही.

माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही, असं आपण म्हणतो. पोहायला नाहीच लागत. पण कुणापासून पळायचं हे बरंचसं शिकावंच लागतं, आणि ते शिकवता येतं. मधमाश्यांच्या भाषेसाठी पुढे नोबेल मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली मिनो जातीच्या माशांबद्दल एक निरीक्षण मांडलं. थव्यातल्या एका माशाची त्वचा फाटली की तिच्यातून पाण्यात काहीतरी उतरतं आणि बाकीचे मासे घाबरून पसार होतात. हा गुण कार्पच्या मोठ्या कुळात, म्हणजे आपल्या रोहू-कटला-महसीरच्याही नातेवाइकांत आढळतो. पुढच्या संशोधकांनी त्याचाच शिक्षणासाठी उपयोग केला. टाकीत शिकारी माशाचा वास असलेलं पाणी आणि जखमी त्वचेचा थोडासा अर्क एकत्र सोडला की पिल्लं घाबरतात, तळाशी दडतात. नंतर नुसता शिकाऱ्याचा वास आला तरी तसंच वागतात. अनेकदा एका धड्यात हे जमतं. आणि शिकलेले दोन-चार मासे कोऱ्या थव्यात मिसळले तर त्यांचं बघून बाकीचेही शिकतात.

यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. शेजारच्या टाकीत एक मरळ पाळायची, तिचं पाणी बोटुकल्यांच्या टाकीत काही वेळा सोडायचं, सोबत मेलेल्या दोन-चार बोटुकल्यांच्या कातडीचा अर्क. त्याबरोबर खाद्य देण्याची वेळ आणि जागा बदलत राहायची, शक्यतो नळीने पाण्याखालून द्यायचं, म्हणजे सावलीचा आणि जेवणाचा संबंध तुटतो. अधूनमधून काठावरून काठी फिरवून, जाळं आपटून ‘वरून येतं ते धोक्याचं’ हे बिंबवायचं. टाकीत दगड, फांद्या, पाणवनस्पती ठेवायच्या. हे सजावट म्हणून नाही सांगत. २००६ साली अमेरिकेत स्टीलहेड ट्राउटच्या अगदी लहान पिलांवर झालेल्या एका प्रयोगात, टाकीच्या तळाशी नुसते दगड ठेवल्याने त्यांच्या मेंदूतला ‘लहान मेंदू’ म्हणतात तो भाग रिकाम्या टाकीतल्या भावंडांपेक्षा मोठा झालेला आढळला. चकचकीत, एकसारखी, धुवायला सोपी टाकी केंद्राच्या कर्मचाऱ्याला सोयीची असते, माशाला ती मुकी करते.

टोमॅटो लावणाऱ्या पिंपळगाव-निफाडकडच्या शेतकऱ्याला हे सगळं समजावून सांगावंच लागणार नाही. रोपवाटिकेतलं लुसलुशीत रोप थेट शेतात लावलं तर मान टाकतं, म्हणून लावणीआधी काही दिवस पाणी कमी करून, ऊन दाखवून तो रोप कणखर करून घेतो. जो जिल्हा रोपाच्या बाबतीत इतका चोख आहे, त्याने माशाच्या बाबतीत ‘पाण्यातला जीव पाण्यात गेला’ म्हणून हात झटकावेत, हे काही शोभत नाही.

शिकवणीने सगळं साधतं असा माझा दावा नाही. टाकीत हुशार ठरलेले मासे प्रत्यक्ष नदीत गेल्यावर न शिकवलेल्यांपेक्षा जास्त जगले, असं काही प्रयोगांत दिसलं, काहींत फरकच दिसला नाही. धडा आणि सुटका यांत जास्त दिवस गेले की धडा पुसला जातो. टाकीत शिकवलेला शिकारी आणि पाण्यातला खरा शिकारी वेगळे असले तरी उपयोग घटतो. म्हणून मी प्रशिक्षणाच्या निविदा काढा असं म्हणत नाही; तसं झालं तर उद्या ‘प्रशिक्षित बोटुकली’ म्हणून चढ्या दराने तीच जुनी बोटुकली विकली जाईल. मोजणी आधी हवी. एक तुकडी शिकवलेली, एक न शिकवलेली, दोन्हींना वेगवेगळी खूण, एकाच दिवशी एकाच पाण्यात. पोटाखालच्या परांपैकी एका तुकडीचा डावा पर कातरायचा, दुसरीचा उजवा. हे काम खेडोपाडीचं कुणीही शिकू शकतं. वर्षभर जाळ्यात येणारा मासा उलटा करून पोट बघायचं आणि वहीत रेघ ओढायची. जो मच्छीमार खुणेचा मासा आणून दाखवील त्याला बाजारभावावर काही जास्त पैसे द्यायचे. भोई, कोळी, कातकरी आणि धरणामुळे मासेमारीकडे वळलेली आदिवासी कुटुंबं रोज पाण्यावर असतात. त्यांच्याइतकं काटेकोर निरीक्षण कोणत्याही सर्वेक्षण पथकाला जमणार नाही.

इथे एक भेद करायला हवा, नाहीतर चर्चा भलतीकडे जाते. धरणात मासे सोडणं वेगळं आणि नदीत सोडणं वेगळं. दारणा, मुकणे, गिरणा, चणकापूर अशा जलाशयांत संस्था जे बीज टाकतात, ते पकडून विकण्यासाठी. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, दख्खनच्या जलाशयांत माणसानेच वाढवलेले. तिथे माझी अपेक्षा साधी आहे: टाकलेलं बीज वाढून जाळ्यात यावं, कारण त्यावर घरं चालतात. मातीच्या तळ्यात वाढलेली कार्पची बोटुकली आधीपासून पाण्यातलं सूक्ष्म खाद्य खात असते, गढूळ पाण्यात राहिलेली असते, त्यामुळे सिमेंटच्या टाकीत गोळीखाद्यावर पोसलेल्या महसीरपेक्षा ती जास्त तयारीची. तिच्या बाबतीत मेंदूपेक्षा आकाराचा प्रश्न मोठा. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेची शिफारस जलाशयात १०० मिलिमीटरपेक्षा मोठी बोटुकली सोडावी अशी आहे, कारण त्याहून लहान म्हणजे शिकारी माशांचा नाश्ता. प्रत्यक्षात काय येतं? घमेल्यात बघितलं की कळतं. आकडा गाठायचा आणि पैसा तोच, मग आकार कमी होतो. लाखाच्या जागी वीस हजारच सोडा पण बोटभर सोडा, असं म्हणणाऱ्या संस्थेला मात्र कागदावर ‘उद्दिष्ट अपूर्ण’ असा शेरा मिळतो. जलाशयातच जाळीचं कुंपण घालून किंवा पिंजऱ्यात दोन-तीन महिने बीज वाढवून मग सोडण्याची पद्धत देशात रुळलेली आहे. त्याच पाण्याचं तापमान, तोच वारा, जाळीच्या बाहेरून फिरणारी मरळ रोज दिसते. ही सगळ्यात स्वस्त शिकवणी. नाशिकच्या संस्थांना बीजाऐवजी या जाळीला अनुदान दिलं तर मी त्याचं स्वागत करीन.

वेळेचंही तसंच. पाऊस जोरात असताना बीज टाकायचं, धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं की ते बीजही सुटायचं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. त्या पाण्यात कुणी हौसेने मासे सोडले तर ते संध्याकाळपर्यंत निफाड तालुक्यात आणि जगले-वाचले तर जायकवाडीत. नाशिक आणि मराठवाडा पाण्यासाठी कोर्टात भांडतात, पण या एका वाटपावर कुणाची हरकत नसावी. सांडवे बंद झाल्यावर, पाणी थोडं निवळल्यावर, संध्याकाळी, एका जागी न ओतता काठाकाठाने झुडपांच्या आडोशाला पसरून सोडायचं. म्हणजे समारंभ होणार नाही, हे खरं.

आता नदी. नदीत सोडायचे मासे विकण्यासाठी नसतात, ते तिथे वसावेत, वीण घालावी, पुढच्या पिढ्या आपोआप व्हाव्यात यासाठी असतात. इथे चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही, म्हणून इथे माझा आग्रह जास्त कडक आहे.

पहिली अडचण टाकीतल्या आयुष्याचा परिणाम फक्त वागण्यावर होत नाही ही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या हूड नदीतल्या स्टीलहेड माशांची वंशावळ तपासून २००७ साली संशोधकांनी दाखवलं की केंद्रात वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे माशाची नैसर्गिक पाण्यातली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घसरते. टाकीत जो टिकतो तो टाकीला योग्य मासा असतो: गर्दी सोसणारा, आधाशी, निर्भय. नदीला यातलं काहीच नको असतं. कितीही मरळीचा वास दिला तरी रक्तातला हा बदल पुसता येत नाही. त्यावर उपाय एकच, की प्रजननासाठीचे नर-मादी दरवर्षी त्याच नदीतून आणायचे आणि पिल्लं टाकीत शक्य तितकी कमी ठेवायची. आपल्याकडे उलट चालतं. तेच मोठे मासे वर्षानुवर्षं वापरले जातात, आणि एकाच गोल हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या टाकीत, दोन-तीन जातींची वीण एकदम घेतली की कटला-रोहूचे संकर निपजतात आणि तेही बीज म्हणून जातात.

दुसरी अडचण चांगल्या हेतूने केलेल्या कामाची, आणि तिचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून दख्खनी महसीरची पैदास होत आली. तो मासा तेव्हा संकटात मानला जात होता आणि काम मेहनतीचं, कौतुकाचं होतं. तिथली पिल्लं देशातल्या अनेक नद्यांत गेली, कावेरीतही गेली. कावेरीत तिची स्वतःची, पाठीवर कुबड असलेली, प्रचंड वाढणारी महसीर होती. पुढे अभ्यासकांना दिसलं की बाहेरून आलेली निळसर पराची महसीर वाढत गेली तसतशी कावेरीची स्वतःची कमी कमी होत गेली. २०१८ साली तिचं नेमकं शास्त्रीय नाव ठरलं आणि त्याच सुमारास ती अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेली. आमच्या सह्याद्रीतला मासा, आमच्या माणसांनी प्रेमाने वाढवलेला, दुसऱ्या नदीच्या मुळावर आला. त्या पिलांची तयारी कच्ची होती असं कुणी म्हणू शकणार नाही. ती जगली, हाच तिथे प्रश्न झाला. जगणाऱ्या माशाची निर्मिती जमू लागली की कुठला मासा कुठे, हा प्रश्न आधीपेक्षा गंभीर होतो.

गोदावरीच्या नाशिकमधल्या पात्रात म्हणूनच रोहू-कटला सोडायला माझा विरोध आहे, शिकवलेले असोत की अडाणी. डासांसाठी गप्पी आणि गांबुसिया नाल्या-तळ्यांत वाटण्याची आपली सवयही त्याच जातीची. गटारात आणि बंद टाकीत ठीक, वाहत्या नदीत नको. परदेशातून आलेली चिलापी (टिलापिया) आपल्या नदीत कुणी सोडली हे आज सांगता येत नाही, पण ती परत नेता येणार नाही एवढं सगळ्यांना कळलंय.

मग स्थानिक मासे वाढवून सोडावेत का? ऐकायला चोख वाटतं. देवळालीच्या परिसरात, दारणेच्या पाण्यातून १९३८ साली होरा आणि मिश्रा यांनी एका छोट्या माशाची नोंद केली. दगडगोट्यांच्या वाहत्या पाण्यात राहणारा हा मासा इंग्रजीत ‘देवळाली मिनो’ म्हणून ओळखला जातो. आज तो जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. नाशिकचं नाव जगाच्या मत्स्यशास्त्रात या एका बोटभर माशामुळे आहे आणि शाळेतल्या एकाही मुलाला तो माहीत नाही, हे जाता जाता. त्याच्यासाठी केंद्र उघडा अशी मागणी उद्या होईलही. पण त्याला हवं ते पाणी आधी असलं पाहिजे. धरणांमुळे कधी कोरडं, कधी एकदम लोंढा. वाळू उपसलेली, तळ गाळाने भरलेला. शहराच्या खाली पात्रभर पाणवेली आणि त्याखाली प्राणवायू संपलेलं पाणी. रामकुंड परिसरात तळाला काँक्रीट. असल्या पाण्यात कुठल्याही केंद्रातला, कितीही तयारीचा मासा सोडणं हा खर्च करून केलेला जीवघेणेपणा आहे. तयारी माशाची जेवढी, तेवढीच पात्राची, आणि क्रम पात्राचा पहिला.

नदीला स्वतःचं काम करू दिलं तर काय होतं याचंही उदाहरण आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याने १९७४ साली नद्यांमध्ये केंद्रातले ट्राउट सोडणं थांबवलं. मॅडिसन नदीतल्या मोजणीने दाखवलं होतं की बाहेरून मासे ओतणं बंद केलं की नदीतच जन्मलेले मासे वाढतात. गळ टाकणाऱ्यांनी आरडाओरडा केला, दुकानदारांनी केला, सरकार बधलं नाही. आज तिथली मासेमारी जगभरातून माणसं ओढते.

आपल्या नद्यांची तऱ्हा वेगळी, पण एक गोष्ट आपल्याला करता येईल. मृगाचा पाऊस पडला की मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्या-नाल्यांत चढतात. चढणीचे मासे म्हणून आपण त्यांची वाट बघतो, अंडी भरलेली मादी म्हणजे मेजवानी. रोहूसारख्या कार्प माशाच्या मादीत वजनाच्या किलोमागे लाखाच्या वर अंडी असतात. गोदावरी, दारणा, कादवा यांच्या वरच्या अंगाच्या ओढ्यांत पावसाळ्याचे पहिले काही आठवडे जाळी, पाग, विषप्रयोग बंद ठेवले, गावाने ठरवून ठेवले, तर नदीतच वाढलेली, नदीनेच पारखलेली, शिकारी ओळखणारी पिल्लं फुकट मिळतात. टाकी नको, टेम्पो नको. गरिबाच्या ताटातला मासा काढून घेता, हा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. म्हणून त्या आठवड्यांचा मोबदला त्या कुटुंबांना द्यावा, मत्स्यबीजाच्याच खर्चातून. तो खर्च कमी होणारच आहे.

माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप खर्चाचा नाही, यंत्रणेचा आहे. वर्षाने मोजा म्हटलं तर मोजायचं कोणी? अधिकारी बदलतो, ठेका संपतो, संस्थेची कार्यकारिणी नवी येते, दुष्काळ पडतो आणि धरणच तळाला जातं. हे सगळं खरं आहे. त्यातल्या त्यात एक गोष्ट बदलाच्या तडाख्यात टिकते, ती म्हणजे बिल. बीज पुरवठादाराचं निम्मं बिल बोटुकल्या उतरल्यावर, घमेल्यातली चाचणी आणि मोजपट्टीने मोजलेला आकार पाहून द्यावं. उरलेलं निम्मं पुढच्या वर्षी त्याच हंगामात, खुणेचे मासे सापडल्याच्या मच्छीमारांच्या नोंदी बघून. ज्या वर्षी दुष्काळ, त्या वर्षी नियम शिथिल. पैसे अडकले की पुरवठादार स्वतःहून दगड ठेवील, मरळ पाळील, पाहुण्यांची वाट न बघता पिशव्या पाण्यात टाकील. आणि नदीसाठी हाच नियम लावला तर बहुतेक पुरवठादार नदीचं काम घेणारच नाहीत, गोदावरीचं आजचं पाणी बघून.